घर आणि यंत्र : संगणकाला आलेला ताप

मृग नक्षत्र लागण्यास अजून आठवडा होता आणि ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या खाली उतरण्याचे नाव घेत नव्हता. अशा एका दुपारी, दोनच्या सुमारास, ज्या वेळी आमच्या लश्करातील माणसे खसाच्या पडद्याआड किंवा कूलरसमोर पडून असतात, त्या वेळी दारावर थाप पडली. पाहतो तो गुरुजी! डोक्याला उपरणे गुंडाळलेले, चेहरा उन्हाने लाल झालेला, आणि छातीशी घट्ट धरलेली एक कापडी पिशवी. पाण्याचा पेला हाती घेण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढून माझ्यापुढे ठेवला.

"अरे, याला ताप आला आहे. हात लावून पाहा."

उन्हातून आणलेले यंत्र गरम लागणारच. परंतु गुरुजींची तक्रार त्या दुपारची नव्हती, चार दिवसांची होती. चार दिवसांपूर्वी संगणकाने आपणहून 'अपडेट' मागितले. गुरुजींनी सज्जनपणे होकार दिला. तासाभराने यंत्र पुन्हा सुरू झाले, पडद्यावरील चित्रे थोडी बदललेली दिसली, आणि तेव्हापासून आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडू लागला. तळाला हात ठेववेना. दोनदा तर लिहिता लिहिता पडदा काळा होऊन यंत्र आपोआप बंद पडले.

गुरुजी मला शाळेत गणित शिकवीत. निवृत्तीनंतर त्यांनी घरातील जुन्या मोडी कागदांची पेटी उघडली. ग्वाल्हेरच्या कित्येक मराठी घरांत अशी एखादी पेटी असते. बहुधा माळ्यावर, आणि बहुधा कोणालाही वाचता न येणारी. गुरुजींना मोडी येते. गेली दोन वर्षे ते एकेका कागदाचे छायाचित्र काढून संगणकात ठेवीत, शेजारी त्याचे देवनागरी लिप्यंतर टंकित करीत आणि खाली आपल्या टिपा लिहीत. सुमारे तीनशे कागद झाले होते. त्यांतील काही मूळ कागद इतके जीर्ण की पुन्हा उलगडले तर हातातच तुकडे व्हावेत. आणि या सर्व कामाची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

माझ्याकडे येण्यापूर्वी ते बाजारातील एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आले होते. तेथील गृहस्थाने झाकण उघडले, हात लावला आणि निकाल दिला, "बाबूजी, फॉर्मेट मारना पड़ेगा. फिर भी गरम हो, तो नया ले लीजिए." गुरुजींनी विचारले, आतले लिहिलेले राहील ना? त्यावर तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "सब साफ हो जाएगा!" गुरुजींनी यंत्र तसेच पिशवीत घातले आणि भर उन्हात माझे घर गाठले.

दुकानदाराच्या मनात काही कपट होते असे मला वाटत नाही. तो रोज दहा यंत्रे पाहतो आणि त्याच्या दृष्टीने सर्व पुसून नव्याने मांडणे हाच जवळचा मार्ग असतो. परंतु तापलेल्या यंत्रावर काय लिहिलेले आहे हे दुकानदाराला ठाऊक नसते, ते आपल्याला ठाऊक असते. म्हणून आज या सदरात हा विषय घेतला आहे. अपडेटनंतर लॅपटॉप तापू लागला, तर घरच्या माणसाने कोणत्या क्रमाने काय पाहावे, आणि कोठे थांबून जाणत्याकडे जावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी प्रत, मग उपचार

त्या दुपारी मी पहिल्यांदा काहीच दुरुस्त केले नाही. यंत्र तासभर बंद ठेवले. त्याचा तळ आणि कडा निरखून पाहिल्या. का, ते पुढे सांगेन. मग ते एका उघड्या लाकडी पाटावर छताच्या पंख्याखाली ठेवले, सुरू केले, आणि दुसरे कोणतेही काम न करता गुरुजींचे सर्व कागद एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले; एकदम नव्हे, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने, मध्ये विश्रांती देऊन. मग त्याची आणखी एक प्रत केली. एक गुरुजींच्या कपाटात गेली, एक माझ्याकडे राहिली. दुसरी प्रत पूर्ण झाली तेव्हा गुरुजींनी पहिल्यांदा चहा मागितला.

वाचकहो, या लेखातले बाकी सर्व विसरलात तरी चालेल, परंतु हे विसरू नका. वारंवार अतितापून अचानक बंद पडणारे यंत्र कोणत्याही क्षणी दगा देऊ शकते. मुलाबाळांची छायाचित्रे, घराची कागदपत्रे, हिशेब, जे काही त्यात असेल, त्याची प्रत अगोदर बाहेर काढावी. उपचार चुकला तरी मग केवळ यंत्राचे नुकसान होते.

ताप येतो कोठून?

संगणकाच्या पोटात प्रोसेसर नावाची नखाएवढी चकती असते. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कळा असतात आणि त्या क्षणोक्षणी उघडझाप करीत असतात. या उघडझापीत जी वीज खर्च होते, ती अखेरीस सर्वच्या सर्व उष्णतेत जाते. घरगुती सडपातळ लॅपटॉपचा प्रोसेसर सामान्यतः १५ वॅटच्या आसपास चालावा अशी योजना असते. पण काम अंगावर आले की तो काही काळ त्याच्या दुप्पट-तिप्पट वीजही ओढतो. आपल्या बैठकीतला एलईडी दिवा ९ वॅटचा असतो आणि तोही हाताला गरम लागतो. त्याहून कितीतरी अधिक उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढावयाची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आतल्या पंख्याची तगमग समजते.

ही उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग ठरलेला आहे. चकतीवर मलमासारखा एक लेप असतो. लेपातून उष्णता तांब्याच्या पट्टीत शिरते. पट्टीला तांब्याची चपटी नळी जोडलेली असते आणि तिच्यात थोडासा द्रव असतो. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तेथे निवून पुन्हा द्रव होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे झिरपत येते. थंड टोकाशी धातूच्या अतिशय पातळ पात्या दाटीने लावलेल्या असतात. पंखा बहुधा तळाच्या जाळीतून हवा आत ओढतो, या पात्यांमधून फुंकतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटीतून बाहेर टाकतो. जाळी, पंखा, पात्या, लेप, यांपैकी एकही जागा अडली तरी उष्णता आतच कोंडते.

प्रोसेसरमध्ये उष्णतामापकही असतो. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास असते. ती गाठली की चकती आपला वेग आपणहून कमी करते. म्हणूनच तापलेला संगणक मंदही होतो. एवढ्याने भागले नाही, तर यंत्र स्वतःला बंद करून घेते. गुरुजींच्या पडद्याचे काळे होणे हा बिघाड नव्हता, तो यंत्राने केलेला आत्मरक्षणाचा उपाय होता.

नवा कारभारी

मग अपडेटचा याच्याशी संबंध काय? ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. वाड्यावर नवा कारभारी आला की पहिले काही दिवस तो काय करतो? सगळ्या पेट्या उघडतो, दप्तरे उपसतो, नव्या याद्या तयार करतो, कुलपे तपासतो. संगणकातही मोठ्या अपडेटनंतर हेच चालते. शोधण्याच्या सोयीसाठी आतल्या धारिकांची सूची नव्याने बांधली जाते, विषाणुरोधक कार्यक्रम सर्व काही पुन्हा तपासतो, जुन्या अपडेटचा कचरा आवरला जातो, आणि इतर लहानमोठे कार्यक्रमही आपापली नवी आवृत्ती उतरवून घेऊ लागतात. हे सर्व पडद्याआड होते. आपण एक पत्र लिहीत बसलो आहोत असे आपल्याला वाटते, आणि आत दहा कारकून राबत असतात.

हे काम सामान्यतः काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत संपते. मात्र यंत्र जागे असेल तरच. दर वेळी तापते म्हणून आपण ते घाईने बंद करीत राहिलो, तर काम अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरू होते. गुरुजींचे चार दिवस असेच गेले होते.

आत कोण राबत आहे हे पाहण्याची सोय प्रत्येक संगणकात असते. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'सीपीयू' या शब्दावर टिचकी मारली की सर्वाधिक काम करणारा वर येतो. मॅक संगणकावर याच कामासाठी 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' आहे. यंत्र निवांत असताना सीपीयूचा आकडा एकअंकी टक्क्यांत असावा. 'सर्च इंडेक्सर', 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' अशी नावे वर दिसली तर घाबरू नये. ते कारभाऱ्याचेच लोक आहेत, त्यांना काम पुरे करू द्यावे. एखादे तिऱ्हाईत नाव दोन दिवसांनंतरही सतत वर राहिले, तर तो कार्यक्रम बंद करून, लागल्यास काढून टाकून पाहावा.

गुरुजींच्या यंत्रात सूची बांधणारा तर होताच. पण त्याच्या जोडीला आणखी एक निघाला. अपडेटनंतर विचारलेल्या अनेक प्रश्नांपैकी एकाला 'होय' म्हणताना, आपली सर्व छायाचित्रे दूरच्या साठवणीत, ज्याला 'क्लाउड' म्हणतात तेथे, चढविण्यास गुरुजींनी नकळत संमती दिली होती. मोडी कागदांची शेकडो मोठमोठी छायाचित्रे घरच्या मंद इंटरनेटवरून रात्रंदिवस वर चढत होती. ते चढविणे मी तूर्त थांबविले. दूरची प्रत ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती थंडीच्या दिवसांत, सवडीने करता येते.

मग गुरुजींना सांगितले, "आपण पहाटे साडेचारला उठताच. दोन दिवस पाच ते नऊ हे यंत्र चार्जर लावून, उघड्या पाटावर, नुसते जागे ठेवा. काही लिहू नका. मात्र रात्री कोणी जवळ नसताना ते असे चालू ठेवू नका." त्यांनी ते तंतोतंत पाळले. तिसऱ्या दिवशी सीपीयूचा आकडा पाच-सहा टक्क्यांवर आला होता.

आणि तरीही पंखा ओरडतच होता.

माझी चूक

येथे मी चुकलो, तेही सांगितले पाहिजे. मला वाटले, दोष 'ड्रायव्हर'चा असावा. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यातील दुभाष्या. अपडेटबरोबर कधी कधी पडद्याच्या चित्रांचा ड्रायव्हर बदलतो, तो त्या यंत्राला मानवत नाही, आणि चित्रे काढणारा भाग विनाकारण राबत राहतो. असे खरोखर घडते. तेव्हा 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खालील नावाच्या 'प्रॉपर्टीज' उघडून 'ड्रायव्हर' या पानावरील 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबले की आधीचा ड्रायव्हर परत येतो. ती कळ फिकट असेल तर जुनी प्रत शिल्लक नाही असे समजावे, आणि यंत्राच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, तळाला लिहिलेला नमुना-क्रमांक देऊन, योग्य ड्रायव्हर घ्यावा. मी अर्धा दिवस या खटाटोपात घालविला. ताप तसूभरही उतरला नाही.

माझ्या ध्यानात यावयास हवे होते ते असे : काम थांबले आहे, सीपीयू निवांत आहे, म्हणजे नवी उष्णता फारशी निर्माण होत नाही. तरीही यंत्र तापलेलेच राहते, तर अडचण निर्मितीत नाही, निचऱ्यात आहे. मी चहाच्या टेबलावरचा पातळ टिश्यू कागद घेतला आणि हवा बाहेर पडण्याच्या फटीसमोर धरला. पंखा गर्जत होता, पण कागद जेमतेम हलला.

मागचे झाकण उघडल्यावर उलगडा झाला. पंखा आणि पात्या यांच्यामध्ये धुळीचा, कापसाच्या तंतूंचा एक जाड थर बसला होता. अक्षरशः घोंगडीचा तुकडा. कापूस कोठून आला? गुरुजी दोन वर्षे गादीवर बसून, लॅपटॉप गादीवरच ठेवून, लोडाला टेकून लिहीत आले होते. तळाची जाळी गादीत रुतलेली, आणि जी हवा आत जाई ती गादीचा कापूस घेऊन.

गुरुजींनी तो थर हातात घेऊन पाहिला आणि विचारले, "पण मग अपडेटच्या आधी का तापत नव्हता?"

प्रश्न गणिताच्या शिक्षकाला शोभणारा होता. आपल्या जुन्या वाड्यांतून अंगणाची मोरी असते. हिवाळ्यात ती अर्धी तुंबलेली असली तरी भांडी घासल्याचे पाणी निघून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आषाढात पहिला मोठा पाऊस झाला की अंगणात गुडघाभर पाणी होते, आणि आपण पावसाला दोष देतो. गुरुजींचे रोजचे लिहिणे म्हणजे भांड्यांचे पाणी होते. त्याला अर्धी मोरी पुरत होती. अपडेटने पाऊस पाडला, त्यात मे महिन्याच्या हवेची भर पडली. बरेच उत्पादक आपले यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी असल्याचे सांगतात. आमच्याकडे भर दुपारी बंद खोलीचेही तापमान त्याच्या पुढे जाते. ज्या हवेने थंड करावयाचे तीच तापलेली असली की उष्णतेला वाव राहत नाही.

म्हणूनच अपडेटनंतर ताप आला तर सारा दोष अपडेटवर ढकलून मोकळे होऊ नये. काम कोणते वाढले आणि वाट कोठे अडली, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. यंत्र चार-पाच वर्षांचे असेल, तर बहुधा दुसऱ्याचे उत्तरही सापडते.

सफाई, आणि काही निषेध

ज्यांना स्क्रू काढण्याची सवय आहे आणि ज्यांच्या यंत्राची हमी संपली आहे, त्यांनीच झाकण उघडावे. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, आणि आत गेल्यावर प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. स्क्रू लहानमोठे असतात. कागदावर तळाचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवीत जावे. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते झोताने बेफाम फिरणार नाही, आणि मग दाबाच्या हवेच्या डब्याने थोडे थोडे फुंकावे. धुळीचा थर मऊ कुंचल्याने किंवा चिमट्याने उचलावा. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण आत जातात. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, त्याच्या नळीवर साचणारी स्थितिज वीज नाजूक भागांस मारक ठरू शकते.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दुकानात जावे, परंतु नेमके शब्द घेऊन जावे : "आतली सफाई करा आणि थर्मल पेस्ट बदला. फॉर्मेट करावयाचे नाही." चकतीवरचा लेप काही वर्षांनी सुकतो आणि तो बदलल्याने पुष्कळ फरक पडतो. नवा लॅपटॉप घेण्याच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ असतो. गुरुजींच्या यंत्राला आम्ही दोन्ही केले.

थंडावा देण्याच्या उत्साहात काही मंडळी यंत्र फ्रिजमध्ये ठेवतात. असे कदापि करू नये. थंड झालेले यंत्र बाहेरच्या दमट हवेत आले की आत दव धरते. कूलरच्या थेट तोंडाशीही ठेवू नये. त्या झोतात पाण्याचे तुषार असतात. छताचा पंखा उत्तम. खाली पाट, ट्रे किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक; गादी, उशी, मांडीवरची शाल नको. प्रवासास निघताना नुसते झाकण मिटू नये, यंत्र पूर्ण बंद करावे. हल्लीचे कित्येक लॅपटॉप झोपेतही अर्धवट जागे असतात आणि पिशवीत कोंडले की तेथेच तापतात.

उन्हाळ्यापुरता आणखी एक सोपा उपाय. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'पॉवर अँड बॅटरी' या वाटेने गेल्यास 'पॉवर मोड' सापडतो. तेथे 'बेस्ट परफॉर्मन्स' असेल तर ते बदलून 'बॅलन्स्ड' किंवा 'बेस्ट पॉवर एफिशिएन्सी' करावे. प्रोसेसरचा वेग वाढविण्यासाठी त्याला वीजही अधिक दाबाने द्यावी लागते. म्हणून वेग थोडा वाढला की उष्णता त्या मानाने फार वाढते. उलटपक्षी वेग थोडा कमी केला तर उष्णता पुष्कळ कमी होते, आणि पत्रलेखनाला, हिशेबाला त्याचा काही फरक जाणवत नाही.

आता यंत्राचा तळ आणि कडा मी आधी का निरखल्या, ते. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते आणि कधी कधी फुगते. तळ बाकदार दिसणे, बोटाने सरकवावयाची पट्टी वर उचलली जाणे, झाकण नीट न मिटणे, ही त्याची चिन्हे. असे दिसल्यास वरील कोणताही प्रयोग करू नये. यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, फुगवटा दाबू नये, टोचू नये, पलंगापासून आणि मुलांपासून दूर ठेवावे आणि जाणत्याकडून बॅटरी बदलून घ्यावी. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तेथे काटकसर नको.

अपडेट करूच नये काय?

हे वाचून कोणी म्हणेल, तर मग अपडेटच्या वाटेस न जाणे बरे. तसे नाही. अपडेटमधून प्रणालीतील चोरवाटा बुजविल्या जातात. आज निवृत्तिवेतन, बँक, विजेचे बिल, सारे संगणकावरून चालते. चोरवाटा उघड्या ठेवणे परवडणारे नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि म्हणूनच अनेक घरांतील चार-पाच वर्षांची यंत्रे एका मोठ्या उडीने विंडोज ११ वर गेली. ती उडी मारण्यापूर्वी प्रत काढावी, जाळी साफ करावी, आणि पुढचे एक-दोन दिवस महत्त्वाचे काम ठेवू नये, इतकेच.

सर्व करूनही ताप राहिला आणि तो अपडेटमुळेच आहे असे दिसले, तर मागे फिरण्याची सोय आहे. प्रणालीची आवृत्ती बदलणाऱ्या मोठ्या अपडेटनंतर सामान्यतः १० दिवसांपर्यंत 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' येथील 'गो बॅक'ने जुन्या आवृत्तीवर परतता येते. ही मुदत ध्यानात ठेवावी. मात्र मागे जाणे हा तात्पुरता मुक्काम समजावा. उत्पादकाने त्या नमुन्यासाठी नवे 'बायोस' दिले असेल तर तेही उपयोगी पडते, कारण पंखा केव्हा आणि किती फिरावा हे पुष्कळदा तेच ठरविते. परंतु ते बसवीत असताना वीज गेली तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. तेव्हा बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असावा, आणि वादळाची दुपार टाळावी.

गुरुजींच्या लॅपटॉपला आता महिना होईल. पंखा चालू आहे की नाही हे कान देऊन ऐकावे लागते. परवा त्यांच्याकडे गेलो, तर गादी होती, लोड होता, पण लॅपटॉप गादीवर नव्हता. माळ्यावरून आजोबांचे उतरते लाकडी डेस्क खाली आले होते. तेच, ज्यावर त्या पेटीतले निम्मे कागद लिहिले गेले. डेस्कच्या खालच्या पट्टीला लॅपटॉप टेकलेला, मागची फट मोकळी, तळाखालून हवा खेळती.

काकू चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "गादीवर वाकून लिहू नका, मान धरते, हे मी चाळीस वर्षे सांगत होते. यंत्राने सांगितले, तेव्हा ऐकले."

गुरुजींनी वर पाहिले नाही. ते तीनशे सतराव्या कागदावर होते. डेस्कच्या कप्प्यातला पेनड्राइव्ह मात्र त्यांनी बोटाने मला दाखविला. रोज संध्याकाळी दिवेलागणीला त्यावर त्या दिवसाची प्रत उतरते.

पुढील अंकी, पावसाळ्याच्या निमित्ताने, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावयाच्या पाण्याविषयी.